परदेशी स्थायिक व्हायला निघताना: इथलं काय आणि कशाच्या आधी आवरायचं?

गौरी_घोडबंदर
नमस्कार मंडळी. जर्मनीत श्टुटगार्टला नोकरी ठरली आहे, ब्लू कार्डाचं (उच्चशिक्षितांना मिळणारा तिकडचा नोकरी-निवास परवाना) काम मार्गी लागलंय. मी, नवरा आणि चार वर्षांची मुलगी असे तिघं निघतोय, तेही तिकडेच बस्तान बसवायचं या हिशेबाने. हातात साधारण तीन महिने आहेत. घोडबंदर रोडला दोघांच्या नावावर फ्लॅट आहे, त्यावर कर्ज चालू. आईवडील नेरूळला असतात.

तिकडे पोचल्यावर काय करायचं याचे व्हिडिओ पायलीला पन्नास आहेत. इथून पाय काढण्याआधी काय उरकायचं हे मात्र कोणी नीट क्रमाने सांगत नाही. म्हणून दोन प्रश्न. निघण्याआधीच व्हायला हवीत, नंतर तिकडून करताना नाकी नऊ येतात, अशी कामं कुठली? आणि फ्लॅट भाड्याने द्यावा की बंद ठेवावा? यावर घरात दोन तट पडलेत.

तलावपाळी
गौरीताई, अभिनंदन. कामांचा क्रम महत्त्वावरून लावू नका, तुमची जातीने हजेरी कुठे लागते त्यावरून लावा. अंगठा, सही आणि चेहरा. विजेचं बिल, मालमत्ता कर, विम्याचा हप्ता ही कामं श्टुटगार्टहून फोनवर होतात. दुय्यम निबंधकासमोरचा अंगठा, आधार केंद्रावरचे ठसे, बँकेच्या लॉकरची सही ही कामं तिकडून होत नाहीत, झाली तरी वकिलातीत खेटे घालून होतात. पहिला महिना सगळा या कामांना द्या.

लॉकर एकाच्याच नावावर असेल तर आई किंवा वडिलांचं नाव आत्ताच लावून 'दोघांपैकी कोणीही' अशी सूचना नोंदवा. नाहीतर चावी आईच्या हातात असूनही लॉकर उघडणार नाही.

माजिवडा_नाका
तलावपाळींशी सहमत. हजेरीच्या कामांत पहिला नंबर कुलमुखत्यारपत्राचा (पॉवर ऑफ ॲटर्नी), आणि लोक हमखास फसतात तेही इथेच. स्टॅम्प पेपर घ्यायचा, नाक्यावरच्या नोटरीचा शिक्का मारायचा, झालं काम, असा समज असतो. सोसायटीला, महावितरणला तो कागद बहुधा चालतो. पण तुमच्या वतीने एखादा दस्त नोंदणीला सादर करायचा असेल तर नोंदणी कायद्याचं कलम ३३ आडवं येतं. पत्र देणारा भारतात राहत असेल तर ते निबंधक किंवा दुय्यम निबंधकासमोर केलेलं आणि त्यांनी प्रमाणित केलेलं असावं लागतं. नोटरीचा कागद तिथून परत येतो, आणि तोवर देणारा विमानात बसलेला असतो.

फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, म्हणजे पत्र दोघांनी द्यायचं. त्यात अधिकार मोघम लिहू नका. भाडेकरार करणे आणि नोंदवणे, भाडेकरूची पोलीस पडताळणी, सोसायटीशी पत्रव्यवहार, कर्ज फिटल्यावर बँकेकडून मूळ कागद ताब्यात घेणे, महापालिका आणि महावितरणमधले अर्ज, असं एकेक काम लिहा. कर्ज फिटल्यावर मूळ कागद घ्यायचा मुद्दा बहुतेकांच्या मसुद्यात नसतो, आणि बँक त्यासाठीच अडवते. विकण्याचा अधिकार आज लागणार नसेल तर घालू नका.

हे राहून गेलं तर तिकडे भारतीय वकिलातीत सही साक्षांकित करून पत्र इथे पाठवता येतं. मात्र ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही मुदत बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. आणि पत्र देणाऱ्याचा मृत्यू झाला की त्याचा अधिकार तिथेच संपतो. म्हणून नामनिर्देशन आणि मृत्युपत्र वेगळं करायलाच हवं, मुखत्यारपत्र त्याची जागा घेत नाही.

वाशी_सेक्टर१७
बँकेचं सांगतो. फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्याप्रमाणे नोकरीसाठी देश सोडला की त्याच दिवसापासून तुम्ही अनिवासी. प्राप्तिकरात १८२ दिवसांचं गणित आहे, ते वेगळं. या दोन व्याख्यांची गल्लत फार होते. 'वर्षभराने खातं बदलू' म्हणणारे लोक प्राप्तिकराचा नियम फेमाला लावत असतात.

नेहमीचं बचत खातं एनआरओ करून घ्यायचं. भाडं, लाभांश, जुन्या ठेवींचं व्याज अशी इथली कमाई त्यात जमा होते. तिकडून पाठवायच्या पैशासाठी एनआरई वेगळं उघडा. एनआरईचं व्याज इथे करमुक्त असतं आणि पैसा हवा तेव्हा परत नेता येतो. एनआरओच्या व्याजावर ३० टक्के आणि वर उपकर असा उगम कर (टीडीएस) कापला जातो, आणि त्यातून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंतच बाहेर नेता येतात. आईवडिलांचं नाव दोन्ही खात्यांवर लावता येतं, पण 'पहिला किंवा उत्तरजीवी' याच अटीवर. म्हणजे तुम्ही हयात असेपर्यंत व्यवहार तुमचेच. त्यांनी घरखर्चाला पैसे काढावेत असं वाटत असेल तर वेगळा अधिकार लिहून द्या किंवा त्यांच्याच खात्यात दरमहा रक्कम वळती करा. दुसरा मार्ग सरळ आहे.

गौरी_घोडबंदर
खूप उपयोगी. पीपीएफ, म्युच्युअल फंड आणि डीमॅटचं काय? बंद करायचं की ठेवायचं?

वाशी_सेक्टर१७
पीपीएफ बंद करायची गरज नाही. १५ वर्षांची मुदत पुरी होईपर्यंत भरत राहता येतं. मुदतीनंतर वाढवून मात्र मिळत नाही आणि अनिवासी झाल्यावर नवं खातं उघडता येत नाही. निवासी डीमॅट बंद करून एनआरओ डीमॅट उघडायचं, शेअर तिकडे वळवायचे. म्युच्युअल फंडात केवायसीमधला दर्जा बदलायचा. तुम्ही जर्मनीला निघालाय म्हणून हे सोपं आहे. अमेरिका आणि कॅनडात राहणाऱ्यांचे पैसे बरीच फंडघरं घेत नाहीत, कारण परदेशातल्या खात्यांची माहिती कळवण्याचे 'फॅटका'सारखे नियम. तिकडे निघालेल्यांनी मासिक हप्ते आधी तपासावेत.

माजिवडा_नाका
१८२ दिवसांचा विषय निघालाच आहे तर तारखेकडेही बघा. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून कमी दिवस भारतात असल्यास अनिवासी धरतात. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस होतात. निघण्याची तारीख सप्टेंबरअखेरीच्या आसपास असेल तर दोन दिवस अलीकडे-पलीकडे केल्याने त्या वर्षीचा तिकडचा पगार इथे करपात्र ठरतो की नाही हे बदलतं. दोन्हीकडे कर लागू नये म्हणून भारत-जर्मनी करार आहे, पण त्याची कागदपत्रं जमवण्यापेक्षा तिकीट अलीकडचं काढणं केव्हाही सोपं.

घणसोलीकर
मोबाइल! कोणीच बोललं नाही. बँक, आधार, प्राप्तिकर, सगळ्यांचे ओटीपी याच नंबरावर. पोस्टपेड असेल तर स्वस्तातल्या प्रीपेडवर आणा, आंतरराष्ट्रीय रोमिंग इथे असतानाच सुरू करून घ्या (तिकडे पोचल्यावर सुरू करायला पुन्हा ओटीपी लागतो, आणि तो येत नाही). वैधता संपू देऊ नका. नंबर बंद होऊन दुसऱ्या कोणाला दिला गेला तर बँकेत नंबर बदलायला स्वतः यावं लागेल.

यूपीआयचं: जानेवारी २०२३ मध्ये परदेशी नंबरावर एनआरई-एनआरओ खात्यांचं यूपीआय सुरू झालं ते १० देशांसाठी. सिंगापूर, अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, अमिराती वगैरे. त्या यादीत जर्मनी नव्हती. तेव्हा भारतीय सिम जपाच.

पामबीच
फ्लॅटच्या प्रश्नावर माझं मत: पहिलं वर्ष बंद ठेवा. तिकडे सहा महिन्यांचा परीक्षाकाळ असतो, नोकरीचं बरंवाईट झालं तर परत यायला हक्काची जागा हवी. शिवाय घरमालक अनिवासी झाला की भाडेकरूच्या मागे कटकट लागते. दरमहा भाड्यातून ३१.२ टक्के उगम कर कापून सरकारात भरायचा, त्यासाठी टॅन नंबर (कर कापणाऱ्याला लागणारा क्रमांक) काढायचा, दर तिमाहीला विवरण द्यायचं. इतकं करणारा भाडेकरू शोधून सापडत नाही. आणि कर कापला नाही तर अंगाशी त्याच्याच येतं.

माजिवडा_नाका
पामबीच, कटकट खरी आहे, पण म्हणून घर बंद ठेवणं पटत नाही. आकडे मांडून बघू. भाडं महिना ३०,००० धरा. उगम कर महिन्याला ९,३६०, वर्षाला १,१२,३२०. ऐकायला मोठा वाटतो. आता उत्पन्न मोजा: वर्षाचं भाडं ३,६०,०००, त्यातून मालमत्ता कर वजा, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट. करपात्र रक्कम अडीच लाखांच्या आत येते. कर्जाचं व्याज मोजलंच नाही अजून. इथे दुसरी कमाई नसेल तर नव्या करप्रणालीच्या ४ लाखांच्या मर्यादेत सगळं बसतं. म्हणजे विवरणपत्र भरलं की कापलेला पैसा परत. पैसा वर्षभर अडकू नये असं वाटत असेल तर कमी दराने कपात करायचा दाखला प्राप्तिकर खात्याकडून आधीच काढता येतो. जर्मनीतल्या विवरणपत्रातही हे भाडं दाखवायचं, ते विसरू नका.

भाडेकरू म्हणून कंपनी बघा. घोडबंदर पट्ट्यात कंपन्या आपल्या माणसांसाठी फ्लॅट घेतात, त्यांच्याकडे टॅन असतोच.

कोपरीकर
करार नोंदवण्याबद्दल थोडं. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं सक्तीचं आहे आणि जबाबदारी घरमालकाची. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात अनामत रकमेवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज मिळवायचं. ११ महिने, ३०,००० भाडं, १ लाख अनामत असेल तर ३,३०,००० अधिक सुमारे ९,१६७, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे ८५० च्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० वेगळी. ऑनलाइन नोंदणीत आधारवर बोटाचा ठसा लागतो, आणि तिथेच वर सांगितलेलं निबंधकासमोर केलेलं मुखत्यारपत्र कामी येतं.

सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावेल. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि सेवाशुल्क म्हणजे संपूर्ण मेंटेनन्स नव्हे. महापालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत. जास्त लावलं तर १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाकडे बोट दाखवा.

पामबीच
माजिवडा, हिशेब मान्य. तरी पहिल्या वर्षाबद्दलचं मत कायम. पैसा परत मिळतो. भाडेकरूला करार मोडून बाहेर काढणं आठवड्यात होत नाही.

सीवूड्स_दारावे
बंद ठेवणार असाल तर आमच्याकडच्या पावसाळ्याचा विचार आधी करा. बंद घरात पहिली बिघडते ती न्हाणीघराची जाळी. जाळीखालच्या सापळ्यात पाणी असतं, तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. ते पाणी महिन्या-दोन महिन्यांत आटतं. सगळ्या जाळ्या आणि सिंकची भोकं जाड प्लास्टिक आणि चिकटपट्टीने बंद करा, कमोडवर झाकण टाकून वरून प्लास्टिक लावा. फ्रिज रिकामा करून, पुसून, दार उघडं ठेवून बंद करा. वॉशिंग मशीनचंही दार उघडं. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, ओल भिंतीतून येते. गाद्या उभ्या ठेवा. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद, पाइपगॅसचा कॉक बंद. इन्व्हर्टरची बॅटरी देऊन टाका, पडून राहिली की मरतेच.

चावी शेजारी आणि आईवडील अशी दोन ठिकाणी. पावसाळ्यात पंधरवड्याने एकदा कोणीतरी खिडक्या उघडल्या पाहिजेत. हे करणारं कोणी नसेल तर भाड्याने दिलेलं बरं.

उपवन
कागदपत्रांतलं नाव तपासलं का? मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं, आईचं. पासपोर्टात आडनाव आणि दिलेलं नाव असे दोन रकाने. लग्नानंतर मधलं आणि शेवटचं नाव बदललं असेल तर पदवीवर एक, पासपोर्टावर दुसरं आणि पॅनवर तिसरं निघतं. भारतातला कारकून हे समजून घेतो, तिकडचा घेत नाही. लग्नाचा दाखला जोडला की बहुतेक ठिकाणी दुवा लागतो. पहिलं नावही बदललेलं असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रातली नोंद लागते, तिचा अर्ज ऑनलाइन होतो पण प्रसिद्ध व्हायला वेळ जातो.

जन्मदाखला इंग्रजी-मराठी दोन्ही भाषांत आणि नावासकट हवा. जुन्या दाखल्यांत बाळाचं नावच नसतं, नुसतं 'मुलगी' असतं. ठाणे महानगरपालिका १९८२ची आणि नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ची. त्याआधीचा जन्म असेल तर नोंद कोणत्या दप्तरात आहे हे शोधण्यातच आठवडे जातात, म्हणून हे काम आजच सुरू करा.

ऐरोलीकरीण
यात अपॉस्टिलचं (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा करारानुसारचा शिक्का) जोडते. भारत २००५ पासून अपॉस्टिल करारात आहे. पदवीच्या कागदांना आधी राज्याच्या शिक्षण खात्याचं, जन्म-लग्नाच्या दाखल्यांना गृह खात्याचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल. मंत्रालयाची फी कागदाला ५० रुपये आहे, संकलन केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. एजंट कागदामागे हजारोंनी मागतात ते धावपळीचे, हे माहीत असू द्या.

पण सगळ्या देशांना एकच माप लावू नका. कॅनडात अपॉस्टिल ११ जानेवारी २०२४ पासून लागू झालं. अमिराती करारात नाही, तिथे दूतावासाचं साक्षांकन लागतं. आणि जर्मनीने भारताच्या या करारातल्या प्रवेशावर आक्षेप नोंदवला होता, त्यामुळे 'अपॉस्टिल केलं की जर्मनीत चालतं' हे कोणी सांगितलं तरी धरून चालू नका. दूतावासाच्या यादीत तुमच्या व्हिसाच्या प्रकारापुढे जे लिहिलंय तेवढंच आणि तसंच करा. जादा शिक्के मारून मूळ कागदाची मागची बाजू भरवून ठेवतात लोक.

तलावपाळी
पासपोर्टही बघून घ्या. वर्षभरात संपणार असेल तर इथेच नवा करा. ३६ पानी १,५०० रुपये, ६० पानी २,०००. वारंवार ये-जा होणार असेल तर ६० पानी. पासपोर्ट बदलला की व्हिसा, तिकडचं निवासकार्ड, सगळ्यावर नवा नंबर येतो, म्हणून व्हिसाच्या आधी. मुलीचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, त्याची तारीख वेगळी लिहून ठेवा.

खारेगाव_नाका
आम्ही कॅनडावाले. धाग्यात थोडी जागा द्या. पोलीस दाखला पासपोर्ट सेवेतूनच काढायचा, फी ५००. नुसत्या पोलीस ठाण्याचा कागद तिथे चालत नाही. गाडी चालवणार असाल तर आरटीओकडून (ठाणे एमएच ०४, वाशी एमएच ४३) परवाना केव्हापासून आहे याचा उतारा शिक्क्यासकट घ्या. ऑन्टारियोत जुना अनुभव मोजून घ्यायला तो लागतो, आणि इथून निघून गेल्यावर तो मिळवणं जिकिरीचं. मागाहून येणाऱ्या सामानाची यादी पहिल्यांदा उतरतानाच सीमाशुल्काला द्यायची, नंतर जोडता येत नाही.

घणसोलीकर
जर्मनीत भारतीय परवाना तिथे राहायला लागल्यापासून सहा महिनेच चालतो. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा दोन्ही. इथली गाडी विकताना मालकीबदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करून नुसते देऊ नका, नाव बदललेलं आरसी बुक पाहूनच निघा. फास्टॅगही बंद करा, नाहीतर नव्या मालकाचा टोल तुमच्या खात्यातून जातो.

नौपाड्याची_माई
गौरी, बाळा, स्वयंपाकघराचं कोणी विचारलं नाही म्हणून लिहिते. जर्मनीत वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, त्यामुळे इथला मिक्सर तिथे चालतो, फक्त प्लगला अडॅप्टर लागतो. कॅनडा-अमेरिकेत १२० व्होल्ट, तिकडे नेऊ नये. शेगडी बहुतेक घरांत विजेची किंवा इंडक्शनची, म्हणून कुकर स्टीलचा, इंडक्शनचा तळ असलेला घे. ॲल्युमिनियमचा त्यावर तापतच नाही. रबराची रिंग, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जादा घे.

खायच्या वस्तूंत युरोपात दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, बर्फी नाही. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नाहीत, त्यांना रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, पोहे, कोकम खुशाल ने. पिठं आणि मसाले बंद पाकिटात, वर इंग्रजीत नाव लिहून. सुकं खोबरं मात्र इथल्या विमानतळावरच काढून घेतात. त्यात तेल असतं, ते पेट घेतं, म्हणून २०२२ पासून बॅगेत नेऊ देत नाहीत. खोबरं आधीच भाजून मसाल्यात घाल.

पामबीच
माई, म्हणजे जिकडे खोबरं तिकडे उदो म्हणायचीही सोय राहिली नाही! :-)

नौपाड्याची_माई
उदो म्हणायला हरकत नाही रे, खोबरं तिकडच्या दुकानात मिळतं. :-)

ऐरोलीकरीण
लेकीचं: जर्मनीत १ मार्च २०२० पासून बालवाडीत आणि शाळेत गोवराच्या लशीचा पुरावा सक्तीचा आहे. दोन वर्षांवरच्या मुलांना दोन मात्रा. आपल्याकडच्या लसपत्रिकेत कधी नुसती टिकमार्क असते, तारीख नसते. बालरोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत, लशीचं नाव, तारीख, सही-शिक्का असा कागद घ्या. दोन मात्रा झाल्या नसतील तर इथेच घ्या.

औषधं: तीन महिन्यांच्या गरजेपुरती, चिठ्ठीवर ब्रँडऐवजी मूळ औषधाचं नाव. दातांची कामं इथे उरका. चष्मे दोन-दोन. अमिरातीत उतरून पुढे जाणाऱ्यांनी ट्रॅमाडॉल, कोडीनसारखी औषधं विनापरवानगी नेऊ नयेत.

कोपरीकर
रोख किती न्यावी कोणी विचारलं तर: परकीय चलनाच्या नोटा ३,००० डॉलरइतक्याच, बाकी कार्डावर. जर्मनीत घराची अनामत कमाल तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असते आणि ती तीन हप्त्यांत द्यायची कायद्याने मुभा आहे. बरीच घरं ओट्या-सिंकशिवाय मिळतात, तेव्हा पहिल्या दोन-तीन महिन्यांचा खर्च अंदाजापेक्षा वरच जातो. इथून पाठवताना २,५०,००० डॉलरची वार्षिक मर्यादा आहे, आणि १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर) लागत नाही. निघण्याआधी, निवासी असतानाच पाठवा.

दागिने नेणार असाल तर विमानतळावर निघताना सीमाशुल्काकडून निर्यात दाखला घ्या. परत आणताना शुल्काचा वाद राहत नाही.

सीवूड्स_दारावे
पोचल्यावरचं एकच लिहितो, कारण त्याची तयारी इथून करावी लागते. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालिकेत पत्ता नोंदवायचा. त्याला घरमालकाची सही असलेला कागद लागतो. या नोंदणीनंतरच करक्रमांक पोस्टाने येतो. तात्पुरतं घर इथून ठरवताना घरमालकाला आधीच विचारा, नोंदणीचा कागद देणार का. नाही म्हणाला तर ते घर घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. आणि तुमचं नाव टपालपेटीवर लागलं पाहिजे, नाहीतर टपाल परत जातं.

तलावपाळी
सगळे जाणाऱ्यांबद्दल बोलतायत, मागे राहणाऱ्यांबद्दल कोणी बोलेना. नेरूळच्या आईवडिलांचं काम मला सगळ्यात आधीचं वाटतं. त्यांचा आरोग्यविमा तुमच्या कंपनीच्या गटविम्यात असेल तर राजीनाम्याबरोबर तो संपेल. वैयक्तिक पॉलिसीत आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो. गटविम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे राजीनामा देण्याआधी विचारा. नंतर ते दार बंद होतं.

घराजवळच्या रुग्णालयात त्यांची जुनी कागदपत्रं एका फाइलमध्ये, औषधांची यादी फ्रिजवर, आणि रात्री-अपरात्री जाऊ शकेल असा एक माणूस ठरवून, त्याला विचारून, त्याचा नंबर दोघांच्या फोनमध्ये. 'कोणीतरी येईल' हे पुरेसं नाही, नाव ठरलेलं हवं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशभर चालणारी मदतवाहिनी आहे. पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला फोनवर चेहरा दाखवून काढता येतो, ते त्यांच्याकडून एकदा तुमच्यासमोर करून घ्या.

नौपाड्याची_माई
तलावपाळी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

गौरी_घोडबंदर
सगळ्यांचे मनापासून आभार. आईबाबांचा विमा खरंच गटविम्यात आहे, त्यामुळे उद्या सकाळी पहिला फोन तिथेच. फ्लॅटचं असं ठरतंय: पावसाळा संपेपर्यंत बंद, मग कंपनीला भाड्याने. पामबीच आणि माजिवडा, दोघांचंही थोडं थोडं. एक शेवटची शंका. मुखत्यारपत्र भावाच्या नावे करायचं ठरलंय, पण तोही कामानिमित्त वारंवार बाहेर असतो. बाबांचंही नाव घातलं तर चालेल का?

माजिवडा_नाका
चालेल, पण मसुद्यात 'एकत्र किंवा स्वतंत्रपणे' हे शब्द आलेच पाहिजेत. ते नसतील तर प्रत्येक कागदावर दोघांच्या सह्या मागतात आणि भाऊ बाहेर असला की काम अडतं. दुय्यम निबंधकाकडे जाताना तुम्ही दोघं, भाऊ, बाबा आणि दोन साक्षीदार, सगळ्यांची मूळ आधारकार्डं सोबत ठेवा. वेळ आधी ऑनलाइन घ्या, आणि वडिलांना सोबत न्यायचं असल्यामुळे सकाळची घ्या. मूळ पत्राच्या दोन प्रमाणित प्रती त्याच दिवशी मागून घ्या. एक नेरूळला, एक तुमच्याकडे.